काळ्या पट्ट्याचा लॅपटॉप

"ह्याच्या बटणांना तर काही खोलीच नाही रे. बोट ठेवायच्या आत तळाला टेकतंय," असं म्हणून संयोगिताबाईंनी लॅपटॉप काउंटरवरच बाजूला सारला.

"आवं बाई, आजकाल समदे असलेच येत्यात. लोकास्नी पातळ लागतंय," सिकंदर म्हणाला. "वजनाला हलका हाय. पिशवीत टाकला की निघाला माणूस."

"मला कुठं निघायचंय? मी घरी बसून काम करणार. दुसरा काढ."

सिकंदरने निमूटपणे तो चकचकीत लॅपटॉप उचलला आणि मागच्या फळीवर ठेवून दिला. सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेजच्या मागल्या गल्लीत त्याचं दुकान. एरवी येणारी पोरं आधी किंमत विचारतात, मग गेम चालेल का विचारतात, आणि शेवटी आईला फोन लावतात. डोळे मिटून दहाही बोटं बटणांवर ठेवणारं आणि नव्या सुनेची आमटी चाखावी तशा चेहऱ्याने दाबून बघणारं गिऱ्हाईक ह्या गल्लीने पाहिलं नव्हतं.

अर्थात बाईंना गिऱ्हाईक म्हणायला सिकंदरची जीभ रेटली नसती. औंध गावच्या यमाई टायपिंग क्लासच्या ह्या संयोगिताबाई त्याच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांना साक्षी होत्या. तेव्हा तो लॅपटॉपवाला नव्हता. निपाणीहून सांगलीला मामूकडे टायपरायटर दुरुस्तीचं काम शिकायला आलेला, हडकुळा आणि कमालीचा वेंधळा असा तो होता. औंधच्या क्लासच्या मशीनांची देखभाल मामूकडे असायची. महिन्याकाठी मामू-भाचे एसटीने औंधला जायचे, तेल-पाणी करायचे, आणि बाईंच्या घरची भाकरी खाऊन परतायचे.

आता बाईंचे डोळे चालले होते. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी हळू आवाजात पण स्पष्ट सांगितलं होतं. समोर माणूस आहे एवढं त्यांना कळायचं, चेहरा मात्र ओळखू यायचा नाही. यजमान, हवालदार आप्पासो, जाऊन काही वर्षं झाली होती. पुण्याचा मुलगा ऋषिराज म्हणत होता की घर बंद करू, तू इकडे ये. बाईंना पुण्यात जाऊन खुर्चीत बसून चहा कधी येतो याची वाट बघायची नव्हती. त्यांना काम हवं होतं आणि काम होतंही. त्या भागातले निवृत्त फौजी आपल्या नोकरीच्या आठवणी फोनमध्ये बोलून त्यांच्याकडे पाठवायचे आणि बाई त्या ऐकून टाइप करून द्यायच्या. ऐकायला कान लागतात, टाइप करायला बोटं लागतात, मग डोळ्यांवाचून अडावं का, असा त्यांचा सरळ सवाल होता.

अडलं होतं ते दुसरीकडेच. टायपरायटरची रिबन मिळेनाशी झाली होती आणि टाइप केलेला कागदही कुणाला नको होता, लोकांना फाइल हवी होती. शेवटी ऋषिराजने तोड काढली. लॅपटॉपवर तुला एकटीला काम जमलं तर राहा औंधला. नाही जमलं तर दिवाळीच्या आत मी न्यायला येतो. हे सगळं बाईंनी सिकंदरला फोनवर सांगितलं होतं, आणि सांगताना आवाज कुठेही हलू दिला नव्हता.

"ह्यो बघा," सिकंदरने दुसरा लॅपटॉप पुढे ठेवला. "ह्येची बटणं जरा उंच हायती."

बाईंनी बोटं फिरवली. "हा बरा आहे. ह्यात काय वाईट?"

"वाईट म्हंजे, आवाजाचं ह्येचं काय खरं न्हाई. लिनक्स टाकलं की मधूनच मुका हुतोय. आन तुमाला तर वाचून दाखवणारा पायजे."

"मग दाखवलास कशाला?"

"माझा माल हाय, बाई. दाखवाय नगं?"

बाई हसल्या. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या, आणि सिकंदरला बरं वाटलं.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप तो घाऊक आणायचा. उघडून साफ करायचा, बॅटरी बदलायचा आणि बहुतेकांवर लिनक्स चढवून द्यायचा. ही सिस्टिम फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही पळते, म्हणून घेणारे घेत. सिकंदरला तिचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी होतं. तिच्या आतलं सगळं उघडं असतं. ज्याला समजतं त्याने आत हात घालावा, हवं ते बदलावं, कुणाची परवानगी लागत नाही. सगळा जन्म झाकणं उघडण्यात गेलेल्या माणसाला बंद वस्तूंचा मनापासून राग येतो. टायपरायटरच्या परीक्षा सरकारने बंद केल्या, क्लास बसले, मशीनं भंगारात गेली, आणि कृष्णेच्या पुरात मामूचं गावभागातलं जुनं दुकानही सामानासकट बुडालं. तेव्हा खचलेला सिकंदर ह्या उघड्या सिस्टिमच्या नादाने पुन्हा उभा राहिला. बायको खातूनबी म्हणायची, ह्यांना काहीतरी खोलायला मिळालं की भूकसुद्धा लागत नाही.

फळीवरचा पसारा हलवताना त्याचा हात कुठल्याशा बटणाला लागला. टक्क असा आवाज झाला.

"ते काय वाजलं?" बाईंनी मान वळवली.

"कुठं काय?"

"ते आत्ता वाजलं ते. इकडे आण."

सिकंदर घुटमळला. "आवं, त्यो द्यायचा न्हाई. पार्ट काढाय ठेवलाय. पडद्यावर मधोमध काळा पट्टा हाय, चांगला बोटभर रुंद."

"आण तर."

तो जाडजूड काळा लॅपटॉप होता, ऑफिसात राबून आलेला. बाईंनी बोटं ठेवली, एकदा सगळ्या बटणांवरून नेली, आणि त्यांचा चेहरा उजळला. बटण नीट खाली जात होतं, तळाशी ठरत होतं आणि बोटाबरोबर वर येत होतं. त्यांनी विचारलं, "बाकी कसा आहे?"

"बाकी एक लंबर. आवाज खणखणीत, बॅटरी नवी टाकता येती, लिनक्स तर ह्येच्यावर लोण्यावानी चालतंय. निस्ता पडदा..."

"पडदा कुणाला बघायचाय, सिकंदर?"

इतक्या वर्षांच्या माणसाला बिघडकी वस्तू द्यायची म्हणून त्याला लाज वाटत होती, आणि बाईंना हीच वस्तू सगळ्यांत चांगली लागू पडत होती. त्याने मुकाट्याने वायर जोडली. ह्या यंत्रावर लिनक्स आधीपासूनच होतं. त्यात त्याने मराठी टायपरायटरची जुनी मांडणी लावली, म्हणजे क्लासमध्ये ज्या बटणाला जे अक्षर होतं तेच इथेही उमटेल. मग वाचून दाखवणारा आवाज सुरू केला. कर्नाटकातून नुकतीच बदली होऊन आलेल्या पोस्टमनने मराठी पत्र वाचावं तसा तो आवाज होता. बाई लक्ष देऊन ऐकत राहिल्या.

"बोलतोय बिचारा," त्या म्हणाल्या. "सवय होईल. आता मी टाइप करते."

त्यांनी पाठ ताठ केली, मनगटं उचलली, आणि बोटं सुटली.

सिकंदर हातातलं काम टाकून ऐकत उभा राहिला. क्लासच्या दिवसांत औंधच्या त्या लांब खोलीत ओळीने मशीनं मांडलेली असायची. भरतीची वाट बघणारी पोरं, लग्न ठरायच्या आत परीक्षा पास व्हायची घाई असलेल्या पोरी, सगळे एका तालात बडवत असायचे. हवालदार दाराशी शिट्टी घेऊन उभे. शिट्टी वाजली की सगळी खोली गप्प व्हायची आणि बाहेरच्या चिंचेवरचे पक्षी ऐकू यायचे. बडवणं चालू असताना मामू म्हणायचा, तिसऱ्या मशीनचा दांडा घासतोय, ऐकू येतं का तुला? सिकंदरला काही ऐकू यायचं नाही. सगळा गलका एकच वाटायचा. पुढे यायला लागलं ऐकू. आणि ऐकू यायला लागलं तोवर खोली रिकामी व्हायला लागली होती.

बाई थांबल्या. सिकंदरने वाचायचं बटण दाबलं आणि पोस्टमन वाचू लागला. पहिले शब्द ठीक आले. मग मध्येच एक शब्द भलताच आला. पुन्हा दोन बरे, पुन्हा एक भलता. पुढे तर अर्थच लागेना.

बाईंच्या कपाळावर आठी आली. "परत करते," असं म्हणून त्यांनी सावकाश, एकेक बटण चाचपून तेच वाक्य पुन्हा लिहिलं. आवाजाने पुन्हा तसंच वाचलं. तिसऱ्यांदा लिहायला त्यांनी बोटं उचलली आणि तशीच मांडीवर ठेवली.

"नाही जमत रे."

"बाई, पैलीच बारी हाय. आसं कसं?"

"मला कळलंय काय होतंय ते. आता ह्या वयात बोटं वळायची नाहीत." त्यांनी हाताने चाचपून लॅपटॉप मिटला. "राहू दे. ऋषिराजला सांगते, ये म्हणून. तुझा दिवस मोडला उगीच."

त्या खरोखरच उठल्या, पदर सावरला, पिशवी शोधू लागल्या. एवढ्या लांबून आलेली, एवढी हट्टी बाई एका वाक्यात हरते, हे सिकंदरला पटेना. त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला. काळ्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बाईंची वाक्यं दिसत होती. ती त्याने मान तिरकी करून वाचली. मग मास्तरांनी पोरांची पाटी तपासावी तसं एकेक अक्षरावर बोट ठेवत गेला.

"बाई, बसा जरा."

"नको. चारची गाडी मिळाली तर बरं."

"बसा म्हंतोय न्हवं. आवं, ही हाताची चूक न्हाई. हाताची चूक कवातरी हुती, कवातरी न्हाई. हितं निस्ती दोनच अक्षरं चुकल्यात, प आन व. आन दर बारीला चुकल्यात. प च्या जागी व, व च्या जागी प. असली चूक मशीनची असती, माणसाची नसती."

"जाऊ दे म्हटलं ना, सिकंदर."

"पर हे मशीन तर बराबर हाय. म्या तपासलंय." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "मंग तुमच्या घरच्या मशीनवर..."

एवढं बोलून तो थांबला.

घरचं मशीन म्हणजे बाईंचं स्वतःचं. बाहेरची कामं त्या त्याच्यावर करायच्या. एकदा वर्गात कुणाचा तरी धक्का लागून ते टेबलावरून खाली पडलं होतं. हवालदार ते पोत्यात बांधून एसटीने सांगलीला घेऊन आले. मामू नेमका मिरजेच्या उरसाला गेलेला. दांड्यांच्या टोकांची दोन अक्षरं निखळून खाली आली होती. सिकंदरने मामूची वाट न बघता स्वतः कथलाचा डाग देऊन ती बसवली. आयुष्यातलं एकट्याने केलेलं ते त्याचं पहिलं काम. हवालदारांना गाडी गाठायची होती, म्हणून त्याने भराभर दोन ओळी उमटवून बघितल्या. अक्षरं एका रेषेत आली. कारागीर आधी रेघच बघतो, अक्षर काय उमटलं ते वाचत बसत नाही. रेघ सरळ आली, मशीन पोत्यात गेलं. त्या कामाची तक्रार कधी आली नाही, आणि मामूच्या हाताखालच्या पुढच्या सगळ्या वर्षांत सिकंदर मनातल्या मनात त्या पहिल्या कामाचा तोरा मिरवत राहिला.

"प आन व," तो म्हणाला. "म्या उलटी लावली व्हती."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

आता त्याला एकेक गोष्ट उमगत गेली. पुढे औंधला गेलं की बाई म्हणायच्या, त्या मशीनला तेवढं तेल घाल, टाइप मी करून बघते. कुणाला त्या मशीनवर बसू द्यायच्या नाहीत. मामूसुद्धा हसायचा, बाईंचा जीव आहे त्या मशीनवर. सिकंदरलाही ते खरंच वाटायचं.

"तवाच का न्हाई सांगितलं?" त्याने विचारलं.

"कुणाला सांगायचं? तुझ्या मामूला?" बाई खुर्चीत बसल्या. "त्याच्या आधीच्याच महिन्यात आमच्या वर्गात, सगळ्या पोरींच्या देखत तो तुला काय म्हणाला होता, विसरलास? आता आणखी एक चूक झाली तर निपाणीला पाठवतो, बस विड्या वळत. तू कोपऱ्यात उभा होतास. कान लाल झाले होते तुझे. पुढच्याच महिन्यात हे मशीन दुरुस्त होऊन आलं. कागद लावला तर हे असं. ह्यांनी विचारलं, कसं झालंय काम? मी म्हटलं, उत्तम झालंय."

"मला एकट्याला सांगायचं. म्या गुपचूप केलं असतं."

"ते सांगलीला न्यायला लागलं असतं. मामूनं बघितलंच असतं. मग म्हटलं, दोन बोटांचा तर प्रश्न आहे, शिकवू त्यांना. वर्गात मी तोंडानं बरोबर शिकवायचे आणि घरी उलटं टाइप करायचे. पंधरा दिवस लई गोंधळ उडाला. नंतर कळेनासंच झालं." त्यांनी बोटं चोळली. "पुढे तू आपल्या हातानं कामं करायला लागलास, तेव्हा सांगणार होते. पण तोवर बोटं बसली होती. आणि तुला कशाला उगीच."

दारात एक कॉलेजचा मुलगा चार्जर मागत उभा होता. "नंतर ये," सिकंदर त्याच्याकडे न बघताच म्हणाला. त्याला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, आणि काउंटरच्या ह्या बाजूला तशी सोय नव्हती. माठातलं पाणी तो दोनदा प्यायला.

मग तो लॅपटॉपसमोर बसला. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर यावं, हे लिनक्समध्ये एका साध्या फाइलीत ओळीने लिहिलेलं असतं. ती त्याने उघडली. फाइलीच्या डोक्यावर, ज्यांनी ज्यांनी ती सुधारली त्यांची नावं एकाखाली एक होती. कुठली कुठली माणसं, कुणी मोबदला न घेता वेळ काढून एखादी ओळ नीट करून गेलेली. खाली उतरून त्याने प आणि व ची अदलाबदल केली. अर्ध्या अक्षरांचीही केली, कारण पूर्ण आणि अर्धं अक्षर एकाच ठशावर असतं, आणि बाईंच्या मशीनवर तीही त्याच डागात उलटी गेली होती.

"काय करतोयस?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या मशीनवानी करतोय. झालं बी."

"इतकं सोपं आहे?"

"आत हात घालाय देत्यात न्हवं, म्हणून सोपं." मग तो पुन्हा फाइलीच्या डोक्यावर गेला आणि शेवटच्या नावाखाली सावकाश एक ओळ लिहिली. वाचणाऱ्या आवाजाने ती मोठ्याने वाचली. दुरुस्ती, सिकंदर मुल्ला, सांगली.

बाईंना हसू आलं. "अरे, सरळ होतं ते उलटं केलंस, आणि दुरुस्ती म्हणून नाव लिहितोस?"

"व्हय," सिकंदर म्हणाला. "कराय लय उशीर झाला."

बाईंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, लॅपटॉपची कड हाताने शोधली आणि बोटं जागेवर ठेवली. "ऋषिराजला लिहिते," त्या म्हणाल्या. ह्या वेळी त्यांनी चाचपलं नाही. बोटं आपल्या वेगाने धावली, बाहेरच्या रिक्षांच्या आवाजातही तो ठोका स्वच्छ ऐकू येत होता, आणि एकही बटण अडखळलं नाही.

आवाजाने आपल्या कोरड्या सुरात वाचायला सुरुवात केली. ऋषिराज, मी पुण्याला येत नाही. काम जमलं. देवापुढे दिवा लावून रोज सकाळी कामाला बसेन. दिवाळीला तुम्ही सगळे औंधला या, पोरांनाही आणा.

वाचणं संपलं. बाईंनी विचारलं, "बरोबर आलंय का रे सगळं? ह्याच्यावर माझा अजून भरवसा नाही. एकदा तुझ्या डोळ्यांनी बघून सांग."

सिकंदर पडद्यावर वाकला. डोळ्यांत पाणी दाटून आलं होतं, अक्षरं नुसती हलत होती. काळा पट्टा कुठे संपतो आणि बाईंची ओळ कुठे सुरू होते, हेसुद्धा त्याला दिसेना.

"बराबर हाय, बाई," तो म्हणाला. "समदं बराबर हाय."